उपद्रव आणि उपयोग : सूक्ष्मजंतुजन्य बहुशर्करांच्या पारखीचा इतिहास

साखर कारखान्यात रसाच्या पन्हळींत व टाक्यांच्या कोपऱ्यांत पांढरट, बुळबुळीत, बेडकाच्या अंड्यांच्या पुंजक्यांसारखे दिसणारे गोळे साचतात, ही एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कारखानदारांची नित्याची तक्रार होती. बिटाचा रस त्यामुळे दाट होई, गाळण्या तुंबत आणि साखर पोत्यात जाण्याऐवजी गटारात जाई. या चिकट आंबण्याचे मूळ सूक्ष्मजंतूंत आहे असे लुई पाश्चर याने १८६१ साली दाखविले. पुढे शायब्लर या जर्मन रसायनज्ञाने त्या चिकट द्रव्याचे पृथक्करण करून १८७४ साली त्यास डेक्स्ट्रन हे नाव दिले, आणि १८७८ साली फान टिगेम याने ते निर्माण करणाऱ्या जंतूचे ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडीस असे नामकरण केले. सूक्ष्मजंतुजन्य बहुशर्करांच्या शास्त्राचा आरंभ असा एका उपद्रवाच्या चौकशीतून झालेला आहे. उपद्रवी म्हणून ज्याची चौकशी झाली तेच द्रव्य पुढे औषध ठरावे, प्रयोगशाळेचे साधन व्हावे, आणि त्याच्या जातीची इतर द्रव्ये अन्नात, तेलविहिरीत व लशीच्या कुपीत जाऊन बसावीत, या स्थित्यंतराला कारण झाली ती पारख. ही पारख कोणत्या कसोट्यांवर झाली, त्या कसोट्या कोणी ठरविल्या आणि मुंबईच्या वडाळा-माटुंगा परिसरातील रासायनिक तंत्रविद्येच्या संस्थेने त्यांत कोणती भर घातली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बहुशर्करा म्हणजे ग्लुकोज, मॅनोज यांसारख्या साध्या शर्करांचे शेकडो-हजारो घटक साखळीने जोडून बनलेले मोठे रेणू होत. स्टार्च आणि सेल्युलोज ही त्यांची वनस्पतिसृष्टीतील सर्वपरिचित उदाहरणे. बाभळीचा डिंक, गवारीच्या बियांचे पीठ, मेथीचा बुळबुळीतपणा ही याच कुळातील. सूक्ष्मजंतू या साखळ्या आपल्या पेशींभोवती कवचासारख्या गुंडाळून घेतात किंवा भोवतालच्या द्रवात सोडून देतात. कोरडेपणापासून, विषारी द्रव्यांपासून आणि यजमान प्राण्याच्या श्वेतपेशींपासून बचाव व्हावा, हा त्यांतील जंतूचा स्वार्थ. वाहत्या द्रवाला दाटपणा आणणे, कण तरंगत ठेवणे, जेली बांधणे हा माणसाचा स्वार्थ. दोहोंचा मेळ बसला तेथे उद्योग उभा राहिला.

महाराष्ट्राला डेक्स्ट्रनची ओळख ग्रंथांतून होण्यापूर्वी उसाच्या फडातून झाली असे म्हणण्यास हरकत नाही. १९५० साली प्रवरा खोऱ्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढील दोन-तीन दशकांत अशा कारखान्यांचे जाळे पसरले. सहकारी कारखान्याचा ऊस शेकडो लहान शेतांतून येतो. तोड झाल्यापासून गाळप होईपर्यंत मोळी कधी बांधावर, कधी गाडीत, कधी कारखान्याच्या आवारात रांगेत पडून राहते. कोयत्याने कापलेल्या टोकातून ल्युकोनॉस्टॉक आत शिरतो व आपल्या एन्झाइमाच्या साहाय्याने उसातील साखरेचे दोन तुकडे करतो. ग्लुकोजचा भाग तो डेक्स्ट्रनच्या साखळीत ओवतो, फ्रुक्टोजचा भाग मोकळा सोडतो. उन्हाळ्यात, पावसाने भिजलेल्या किंवा जळालेल्या उसात हे फार जलद घडते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, हा आग्रह केवळ वजनातील घट टाळण्यासाठी नसून या जंतूला सवड मिळू नये यासाठीही आहे.

डेक्स्ट्रनमुळे होणारे नुकसान दुहेरी असते. रस दाटतो, गाळणे मंदावते, स्फटिक वाढताना आडवे न भरता सुईसारखे लांबट होतात आणि मळीबरोबर साखर निसटते, हे दिसणारे नुकसान. न दिसणारे नुकसान याहून विलक्षण आहे. रसातील साखर ध्रुवणमापकाने, म्हणजे प्रकाशाची पातळी किती अंशांनी वळते यावरून मोजतात. साखरेचे विशिष्ट वलन सुमारे ६६.५ अंश आहे. डेक्स्ट्रनचे जवळजवळ त्याच्या तिप्पट आहे. परिणामी शिळा, बिघडलेला ऊस यंत्राला अधिक गोड दिसतो. हिशेबाच्या वहीत साखर आहे, पोत्यात नाही, आणि मधली तूट कोणत्या खाती टाकावी हे कोणालाच उमगत नाही, असा प्रसंग यातून उद्भवतो. उसाचा भाव साखरेच्या उताऱ्यावर ठरत असल्यामुळे ही केवळ प्रयोगशाळेतील सूक्ष्म चूक राहत नाही. डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन ही संस्था १९३६ पासून आणि मांजरी येथील डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट, म्हणजे नंतरची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, १९७५ पासून ज्या प्रश्नांचा अभ्यास करीत आल्या, त्यांत गाळपातील या गळतीचे स्थान लहान नाही.

याच जंतूची दुसरी बाजू मुंबईकराच्या पानात रोज पडते. इडलीचे पीठ फुगते ते मुख्यतः ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडीसने सोडलेल्या वायूमुळे, असे मुखर्जी, स्टाइनक्राउस व त्यांचे सहकारी यांनी १९६५ साली दाखविले. माटुंग्याच्या उडुपी उपाहारगृहांतील स्वयंपाक्यांना त्याचे लॅटिन नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पीठ किती तास ठेवावे, हे मात्र ते अचूक जाणत होते.

डेक्स्ट्रनच्या भाग्योदयाची कथा स्वीडनमधील आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील बीटसाखर उद्योगाने याच चिकट द्रव्याचा प्रश्न उप्साला विद्यापीठात टिसेलियसच्या प्रयोगशाळेकडे नेला. तेथे इंगेलमन हा डेक्स्ट्रनचा अभ्यास करीत असता, त्याच्या द्रावणाचे गुण रक्तद्रवाशी मिळतेजुळते आहेत ही गोष्ट ग्रोनवाल आणि त्याच्या ध्यानी आली. शरीरातून रक्त वाहून गेले असता मिठाचे पाणी शिरेत चढविले तर ते थोड्याच वेळात मूत्रावाटे निघून जाते. मोठ्या रेणूचे डेक्स्ट्रन मात्र काही तास रक्तवाहिन्यांत टिकते व पाणी धरून ठेवते. जंतूने बनविलेले मूळ डेक्स्ट्रन लक्षावधी रेणुभाराचे असल्याने तसेच वापरणे धोक्याचे होते. आम्लाने त्याचे तुकडे पाडून ७०,००० किंवा ४०,००० रेणुभाराचा अंश वेगळा काढावा लागे. १९४७ पासून फार्मासिया कंपनीने मॅक्रोडेक्स या नावाने ते बाजारात आणले आणि कोरियाच्या युद्धात त्याचा विस्तृत वापर झाला. काही रुग्णांत त्याची तीव्र प्रतिक्रिया येते असे पुढे आढळल्याने त्याचा उपयोग कमी होत गेला. याच द्रव्याच्या साखळ्या एकमेकींत गुंतवून पोराथ व फ्लोडिन यांनी १९५९ साली सेफाडेक्स हे रेणू आकारानुसार निवडणारे साधन केले, व ते जगभरच्या जीवरसायनशाळांत रूढ झाले. मूल्यमापनाच्या दृष्टीने यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘डेक्स्ट्रन चांगले की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या लांबीच्या साखळीचे, किती शुद्ध, आणि कोणत्या कामासाठी, हे ठरल्यावाचून त्या शब्दाला मूल्यमापनात अर्थ नाही.

अन्नाच्या क्षेत्रातील निर्णायक पाऊल अमेरिकेत इलिनॉय राज्यातील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत पडले. अ‍ॅलीन जीन्स या विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी तेथे जंतूंच्या संग्रहातील शेकडो वाणांची पद्धतशीर चाचणी केली. नवे द्रव्य योगायोगाने सापडण्याची वाट पाहण्यापेक्षा संग्रहच चाळून काढावा, हा या कामाचा नवेपणा होता. त्यातून १९५० च्या दशकात झँथन हाती आले. कोबीच्या पानांवर काळी कूज आणणाऱ्या झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस या जंतूचे ते उत्पादन. त्याची साखळी सेल्युलोजसारखी असून तिला एकाआड एक ग्लुकोजवर तीन शर्करांची उपशाखा फुटलेली असते, ही रचना १९७५ साली निश्चित झाली. उपशाखांमुळे ते थंड पाण्यातही विरघळते, आणि मीठ, आम्ल व उष्णता यांना दाद देत नाही. त्याचे द्रावण स्थिर असता दाट असते, ढवळले की पातळ होते, आणि ढवळणे थांबताच पुन्हा दाट होते. बाटलीतील सॉस हलविल्यावर सहज ओतता येतो व ताटात पडल्यावर पसरत नाही, तो या गुणामुळे. समुद्रातील तेलविहिरींच्या खोदकामात खाऱ्या पाण्यातही छिन्नीखालचा चुरा वर उचलून आणणारा चिखल लागतो. तेथेही हाच गुण उपयोगी पडतो. १९७४ साली बॉम्बे हायचे तेल सापडल्यानंतर या बाबीचे महत्त्व मुंबईलाही कळू लागले.

गव्हातील चिकट प्रथिन वर्ज्य असणाऱ्या लोकांसाठी पाश्चात्त्य देशांत इतर धान्यांचा पाव करतात तेव्हा पिठाला धरून ठेवण्यास झँथन घालतात. ज्वारीचे पीठ उकळत्या पाण्याने मळून भाकरी थापणाऱ्या महाराष्ट्रीय गृहिणीने हाच प्रश्न स्टार्च शिजवून, वेगळ्या मार्गाने आणि बाहेरचे काही न घालता, कित्येक शतके आधी सोडविलेला आहे.

झँथनला अमेरिकेत अन्नातील वापरासाठी १९६९ साली मान्यता मिळाली. त्यामागील चाचण्यांत उंदीर व कुत्रे यांना दोन वर्षे ते खाऊ घालण्यात आले, आणि उंदरांच्या तीन पिढ्यांवर प्रजननविषयक निरीक्षणे झाली. येथपासून मूल्यमापनाचे दोन स्वतंत्र प्रवाह दिसतात. एक गुणांचा, म्हणजे श्यानता, स्थैर्य, जेलीची बळकटी यांचा. दुसरा निरुपद्रवीपणाचा. पुढील प्रत्येक द्रव्याला दोन्ही परीक्षा द्याव्या लागल्या. ओसाकाच्या हाराडा याने १९६० च्या दशकात शोधलेले कर्डलन तापविल्यावर घट्ट होते. त्याला अमेरिकेत अन्नासाठी परवानगी मिळण्यास १९९६ साल उजाडले. १९७८ साली सापडलेले जेलन १९९२ साली तेथे मान्य झाले. भारतात १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली. आज पाकिटावर दिसणारे ४१५ आणि ४१८ हे आकडे अनुक्रमे झँथन व जेलनचे होत.

आता वडाळ्याकडे वळावे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी फोडण्यासाठी १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि तिने दादर-माटुंगा-वडाळा-शीव ही वसाहतयोजना आखली. रुंद रस्ते, बागा आणि शिक्षणसंस्थांसाठी राखलेल्या जागा ही तिची देणगी. त्याच प्लेगने परळला हाफकिनची प्रयोगशाळा दिली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांखाली लोंबणाऱ्या प्लेगजंतूंची वाढ करण्याची हाफकिनची युक्ती प्रसिद्ध आहे. जंतूंची मोठ्या प्रमाणावर लागवड करण्याची विद्या या परिसराला तेव्हापासूनची परिचित होती. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्या विभाग १९३३ साली स्थापन झाला तो वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या दोन विषयांसाठी, गिरण्यांच्या शहराला साजेसा. १९४० च्या दशकात तो माटुंगा-वडाळा सीमेवरील सध्याच्या जागी स्थिरावला, व त्याच दशकात खाद्यतंत्रज्ञानाचे शिक्षण तेथे रुजले. के. वेंकटरामन यांच्यासारखे रंगरसायनज्ञ तेथूनच पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. २००८ साली या विभागाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून तो रासायनिक तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखला जाऊ लागला.

या संस्थेत बहुशर्करांचे काम ज्या वातावरणात झाले त्याचा एक विशेष ध्यानात घ्यावा लागतो. वायू व द्रव यांमधील पदार्थवहन हा तेथील अभियांत्रिकीचा मानाचा विषय. मनमोहन शर्मा यांना १९९० साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले ते या क्षेत्रातील कार्यामुळे. बहुशर्करांच्या किण्वनातील सर्वांत कठीण प्रश्नही हाच आहे. जंतूला प्राणवायू हवा असतो. जसजसे उत्पादन वाढते तसतसा मिश्रणाचा दाटपणा वाढतो, हवेचे बुडबुडे मोठे होऊन निसटतात आणि पात्याजवळचा भाग सोडला तर बाकीचे भांडे निश्चल होते. जंतू आपल्याच यशात गुदमरतो. दर लिटरमागे २०-३० ग्रॅमच्या पुढे झँथनचे उत्पादन नेणे अवघड जाते, त्याचे मुख्य कारण हे. तेव्हा खाद्यतंत्रज्ञ आणि अभियंता एकाच आवारात असणे ही सोय नव्हे, गरज होती.

प्रा. रेखा सिंघल आणि त्यांचे विद्यार्थी सौदागर, सुर्वसे व बजाज यांनी या संस्थेत २००६-०७ च्या सुमारास स्क्लेरोग्लुकन व जेलन या दोन द्रव्यांवर केलेले काम येथे विशेष विचारात घेण्याजोगे आहे. स्क्लेरोग्लुकन हे स्क्लेरोशियम रोल्फसाय या बुरशीचे उत्पादन होय. भुईमुगाचे खोड जमिनीलगत पांढऱ्या तंतूंनी वेढून कुजविणारी हीच ती बुरशी. झँथन कोबीच्या रोगातून आले, स्क्लेरोग्लुकन भुईमुगाच्या. शेतकऱ्याचे शत्रू रसायनज्ञाला वारंवार कामी आलेले दिसतात. स्क्लेरोग्लुकनच्या तीन साखळ्या दोरीच्या पेडांसारख्या वळलेल्या असतात, आणि त्यामुळे ते उष्णतेत व आम्लतेच्या मोठ्या पल्ल्यात आपला दाटपणा सोडत नाही. मात्र बुरशी त्याबरोबर ऑक्झॅलिक आम्लही निर्माण करते. उत्पादन वाढविताना हे आम्ल वाढू न देणे, हा त्यातील पेच.

चंडीगढच्या संग्रहातील २१५६ क्रमांकाचा वाण घेऊन या गटाने प्रथम पोषकद्रव्यांचे योग्य प्रमाण ठरविले. नंतर दोन दिशांनी शोध पुढे नेला. पहिली दिशा जीवरसायनाची. पेशी शर्करेची साखळी ओवताना ग्लुकोजचा प्रत्येक मणी युरिडीन या न्यूक्लिओटाइडाच्या हातात देऊन पुढे सरकविते. लेल्वार याला १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते या शर्करा-न्यूक्लिओटाइडांच्या शोधासाठी. अशी पूर्वद्रव्ये बाहेरून पुरविल्यास साखळी अधिक बनते काय, याची परीक्षा वडाळ्याच्या प्रयोगशाळेत घेण्यात आली व उत्पादनात वाढ दिसून आली. दुसरी दिशा बाजाराची. शुद्ध साखरेऐवजी नारळपाणी, उसाचा रस आणि मळी यांवर ही बुरशी वाढवून पाहण्यात आली. या दोहोंत दुसरी दिशा अधिक मोलाची मानावी लागते. न्यूक्लिओटाइड घालून उत्पादन वाढते हे ज्ञानदृष्ट्या महत्त्वाचे खरे. परंतु बारा आण्यांचा डिंक वाढविण्यास रुपयाचे औषध घालण्यासारखा तो प्रकार कारखान्यात टिकणारा नाही. उसाचा रस हा मात्र महाराष्ट्रात कारखान्याच्या दारी येणारा माल आहे. ज्या रसात ल्युकोनॉस्टॉक चोरून डेक्स्ट्रन बनवितो, त्याच रसात निवडलेल्या बुरशीकडून मागणीबरहुकूम बहुशर्करा बनवून घ्यावी, हा विचार या प्रांताच्या परिस्थितीतूनच सुचू शकतो.

जेलनसाठी याच गटाने स्फिंगोमोनास पॉसिमोबिलिस या जंतूवर संख्याशास्त्रीय आराखड्याने प्रयोग केले. एका वेळी एकच घटक बदलून पाहण्याची जुनी रीत सोपी असली तरी घटकांचे परस्परांवरील परिणाम तीत निसटतात, आणि सात-आठ घटकांची सर्व मिश्रणे करून पाहावयाची तर आयुष्य पुरत नाही. मोजक्या, परंतु विचाराने निवडलेल्या प्रयोगांतून सर्वांचा अंदाज घेण्याची विद्या शेतीच्या प्रयोगांतून जन्मली. तिच्यातील लंबकोनी मांडण्यांचा गणिती पाया सी. आर. राव यांनी १९४७ साली कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत घातला. या मांडण्यांना कारखानदारीत लोकप्रिय करणारा जपानी अभियंता तागुची १९५० च्या दशकात त्याच संस्थेत येऊन राहिला होता. आज ही पद्धत जपानच्या नावाने ओळखली जाते. तिचे एक मूळ बराकपूर मार्गावर आहे, याचे स्मरण विद्यार्थ्यांना असावे.

जेलनचे महत्त्व भारतात आणखी एका कारणाने आहे. अल्प प्रमाणात घातले तरी ते स्वच्छ, पारदर्शक जेली देते, म्हणून समुद्रशेवाळापासून मिळणाऱ्या अगारऐवजी ऊतिसंवर्धनात ते वापरतात. प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनणारे जिलेटिन ज्यांना वर्ज्य आहे त्यांच्या मिठाईतही ते चालते. जेलन आणि जिलेटिन या नावांच्या साम्यामुळे होणारा घोटाळा मात्र खरेदीदारांनाच नव्हे, कधी कधी परीक्षार्थींनाही भोवतो. औषधाच्या शाकाहारी कॅप्सूलसाठी पुल्युलन ही आणखी एक बहुशर्करा वापरात आहे. वॉलनफेल्स व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली तिचे नामकरण केले, व जपानच्या हायाशिबारा कंपनीने १९७६ साली तिचे व्यापारी उत्पादन सुरू केले.

या विषयावरील बहुतेक शोधनिबंध ‘दर लिटरमागे इतके ग्रॅम’ या आकड्यावर येऊन थांबतात. मूल्यमापन तेथे संपत नाही, खरे तर तेथे सुरू होते. दाट मिश्रणातून पेशी वेगळ्या काढणे, त्यासाठी ते तापविणे किंवा पातळ करणे, नंतर मद्यार्क ओतून बहुशर्करा साक्याच्या रूपाने खाली बसविणे, पिळणे, वाळविणे, दळणे, या क्रियांचा खर्च पुष्कळदा किण्वनापेक्षा अधिक होतो. मद्यार्क मिश्रणाच्या दुपटीपर्यंत लागतो आणि तो पुन्हा गाळून वापरात आणल्यावाचून हिशेब जुळत नाही. मळीपासून मद्यार्क करणाऱ्या महाराष्ट्रात तो दुर्मिळ नसला तरी १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यान्वये त्याच्या प्रत्येक पिंपाला परवान्याची आणि नोंदीची गरज असते. शिवाय भारतीय उत्पादकापुढे गवारीचा प्रतिस्पर्धी उभा आहे. गवारडिंकाच्या उत्पादनात भारत जगात आघाडीवर आहे. राजस्थानच्या कोरड्या जमिनीत जे पीक पावसाच्या चार सरींवर येते, त्याच्याशी निर्जंतुक पोलादी टाक्यांत वाढविलेल्या डिंकाने भावात स्पर्धा करावयाची आहे. ती त्याने तेथेच करावी जेथे गवार अपुरी पडते, म्हणजे आम्लात, तीव्र उष्णतेत आणि खाऱ्या पाण्यात. जगातील झँथनचे मोठे उत्पादन आज चीनमध्ये होते, आणि ते तेथे गेले यामागे वाणाच्या श्रेष्ठतेपेक्षा स्वस्त मका, मोठ्या टाक्या व गाळणीचे अर्थशास्त्र यांचाच वाटा अधिक आहे.

आरोग्याच्या क्षेत्रात कसोटी पुन्हा उलटते. तेथे टनांचा प्रश्न नाही, मायक्रोग्रॅमचा आहे. न्युमोनियाच्या जंतूभोवतीचे कवच प्रथिन नसून बहुशर्करा आहे असे हायडेलबर्गर व एव्हरी यांनी १९२३ साली दाखविले, तेव्हा प्रथिनावाचून प्रतिकारशक्ती जागृत होऊ शकते ही कल्पनाच अनेकांना पटेना. १९४५ साली अशा शुद्ध बहुशर्करांची लस सैनिकांत यशस्वी ठरली. परंतु पेनिसिलिन आल्यामुळे ती मागे पडली व १९७७ साली चौदा प्रकारांची लस येईपर्यंत विस्मरणात राहिली. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. ज्यांना लशीची सर्वाधिक गरज, त्या दोन वर्षांखालील बालकांच्या शरीराला निव्वळ बहुशर्करा ओळखता येत नाही. तिला प्रथिनाची जोड दिली की ओळख पटते. हे तत्त्व एव्हरी व गोबेल यांनी १९२९-३१ मध्येच प्रयोगाने दाखविले होते. ते बालकांच्या दंडापर्यंत पोहोचण्यास आणखी अर्धे शतक लागले.

या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण पुण्यात घडले. आफ्रिकेच्या सहारालगतच्या पट्ट्यात अ गटाच्या मेनिंगोकॉकस जंतूमुळे मेंदुज्वराच्या साथी वारंवार येत. त्यांवरील लस तयार करण्यास मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांना आर्थिक आकर्षण नव्हते, कारण त्या देशांना परवडेल अशा भावात नफा नव्हता. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना व पाथ या संस्थेने हाती घेतलेल्या प्रकल्पात ही जबाबदारी १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे आली. जंतूची बहुशर्करा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून मिळाली. भाव मात्र आधी ठरला : मात्रेला अर्ध्या डॉलरहून कमी. मूल्य ठरवून मग द्रव्य घडविण्याचे असे उदाहरण या शास्त्रात दुर्मिळ आहे. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. पुढील दशकात ३० कोटींहून अधिक लोकांना ती लस मिळाली आणि अ गटाच्या साथी त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीशा झाल्या. त्यानंतर इतर गटांची मोकळी जागा दिसू लागल्याने त्याच संस्थेने पाच गटांची लस तयार केली. तिला जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

लशीतील बहुशर्करेची पारख डिंकाच्या पारखीहून किती वेगळी, हे यावरून समजते. तेथे श्यानता मोजीत नाहीत. साखळीवर अ‍ॅसिटिल गट किती शिल्लक आहेत, प्रथिनाला न जोडलेली मोकळी शर्करा किती, न्यूक्लिइक आम्लाचा व जंतुविषाचा अंश किती, हे पाहतात. साखळीची लांबी दोन्हीकडे महत्त्वाची. एकीकडे ती सॉसचा दाटपणा ठरविते, दुसरीकडे बालकाच्या शरीराची आठवण.

वडाळ्यापासून खाडी ओलांडली की नवी मुंबई लागते. टायफॉइडच्या जंतूभोवती जे कवच असते त्यातील बहुशर्करेस ‘व्हीआय’ म्हणतात. फेलिक्स व पिट यांनी तिची ओळख १९३४ साली पटविली. हैदराबादला बनलेल्या, या बहुशर्करेला प्रथिन जोडलेल्या लशीची सार्वजनिक यंत्रणेमार्फत जगातील पहिली मोहीम नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली काढली. पहिल्या फेरीत ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचण्यात आली. महापालिकेचा निम्मा भाग प्रथम व उरलेला नंतर घेण्यात आल्यामुळे दोन्ही भागांतील रुग्णसंख्येची तुलना करणे शक्य झाले, आणि लसीकरण झालेल्या भागातील मुलांत टायफॉइडचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले.